नवं यंत्र घ्यावं का?



मिरजेच्या आमच्या वाड्यात माझ्या लहानपणी एक समजूत अगदी पक्की होती. जो माणूस पायाळू, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीतलं गुप्तधन दिसतं म्हणे. आमच्या शेजारचा एक पायाळू मुलगा या एकाच गुणावर सगळ्या आळीत भाव खाऊन असायचा. त्याला धन कधी दिसलं नाही, पण आम्हाला त्याचा हेवा वाटायचा. मी पायाळू नव्हतो. म्हणूनच की काय, साठीला टेकल्यावर मला इंग्लंडात दोनशेएक पौंड मोजून मेटल डिटेक्टर विकत घ्यावा लागला.

आज मला बोलायचं आहे ते त्या यंत्राविषयी, आणि ते बाजूला ठेवून नवं, जास्त गुंतागुंतीचं यंत्र घ्यावं की नाही या पेचाविषयी. तुम्ही म्हणाल, यात कसला पेच? मिक्सर जुना झाला की आपण नवा आणतोच की. पण हा पेच मला २०२४ च्या उन्हाळ्यात चांगला महिनाभर पुरला, आणि त्यात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला दिलेला शब्दही अडकला होता.

मी व्यवसायाने भूलतज्ज्ञ. १९७७ साली इंग्लंडला गेलो आणि पूर्वेकडच्या सफक परगण्यात राहिलो. आमच्या जवळच्या बरी सेंट एडमंड्स गावात बीटपासून साखर करणारा मोठा कारखाना आहे. हंगामात त्याच्या धुराड्यातून निघणारी वाफ लांबून दिसली की सांगली-मिरजेकडच्या माणसाला परकं वाटत नाही. २०१० मध्ये मी निवृत्त झालो. त्याच्या आदल्या वर्षी, २००९ च्या सप्टेंबरात, इंग्लंडातल्या सगळ्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर एक बातमी होती. स्टॅफर्डशायरमधल्या एका शेतात टेरी हर्बर्ट नावाच्या माणसाला अँग्लो-सॅक्सन काळातल्या सोन्याचांदीच्या साडेतीन हजारांवर वस्तू आणि तुकडे सापडले होते. पुढे त्याची किंमत जवळपास ३३ लाख पौंड ठरली आणि ती त्याच्यात आणि शेतमालकात वाटली गेली. मला त्या रकमेपेक्षा एक बारीक तपशील जास्त भावला. त्याचं यंत्र चौदा वर्षांचं जुनं होतं. त्याच आठवड्यात मी माझं यंत्र घेतलं.

ते होतं गॅरेट कंपनीचं एस २५०. अगदी साधं. चार पेन्सिल सेल, एक दांडा, खाली ताटलीएवढी लंबगोल कॉइल आणि वर एक छोटा पडदा. पडद्यावर अमेरिकी नाण्यांची यादी छापलेली, सेंट, डाइम, डॉलर. सफकच्या शेतात तिचा काडीचा उपयोग नव्हता. पण यंत्राला तीन आवाज होते. लोखंडाला खालचा घोगरा, मधल्या धातूंना मधला आणि तांब्याचांदीच्या नाण्याला घंटेसारखा टणत्कार. बस, एवढंच.

विमानतळावर किंवा देवळाच्या दारात आपण ज्या चौकटीतून जातो तिच्यात आणि या यंत्रात तत्त्व एकच. कॉइलमधून उलटसुलट वाहणारा प्रवाह सोडतात, त्यामुळे जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र जातं. वाटेत धातू आला की त्याच्यात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात आणि त्यांचं स्वतःचं बारीकसं क्षेत्र परत येतं. ते किती उशिराने येतं यावरून यंत्र अंदाज करतं, की खाली लोखंड आहे, पत्रा आहे की चांदी. माझं यंत्र सेकंदाला साडेसहा हजार वेळा हा प्रवाह उलटसुलट करतं, आणि तेवढीच एक कंपनसंख्या त्याला माहीत. कमी कंपनसंख्येला जाडजूड, चांगले वाहक धातू नीट दिसतात. लहान, पातळ वस्तू दिसायला जास्त कंपनसंख्या लागते. नव्या पिढीची यंत्रं एकाच वेळी अनेक कंपनसंख्या सोडतात आणि परत आलेल्या उत्तरांची आपसात तुलना करतात. समुद्रकाठच्या ओल्या खारट वाळूत जुनी यंत्रं वेड लागल्यासारखी किंचाळतात, तिथे ही शांत राहतात. ही युक्ती तशी १९९० च्या दशकापासूनची. पण हलक्या, परवडणाऱ्या यंत्रात ती सर्रास दिसू लागली ती २०१८ नंतर, मायनलॅब या ऑस्ट्रेलियन कंपनीचं इक्विनॉक्स आल्यापासून.

इथे जरा थांबून एक खुलासा करतो, कारण मिरजेहून मला दर दिवाळीला एक तरी फोन येतो. "दादा, तुमचं ते यंत्र घेऊन या, आपल्या जुन्या वाड्याच्या परसात बघू." तर तसं करू नका. आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा आजही आहे. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. शिवाय जुन्या वास्तूंचे आणि पुरावस्तूंचे कायदे आहेतच. इंग्लंडात हा छंद कायदेशीर आहे, पण मोकाट नाही. शेतमालकाची परवानगी लागते. संरक्षित स्थळावर परवानगीशिवाय यंत्र वापरणं गुन्हा आहे. १९९६ च्या कायद्यानुसार तीनशे वर्षांपेक्षा जुनी सोन्याचांदीची वस्तू किंवा नाण्यांचा साठा सापडला, तर चौदा दिवसांच्या आत कॉरोनर या अधिकाऱ्याला कळवावं लागतं. आणि बाकीच्या बारीकसारीक वस्तूंची नोंद करून घ्यायला ठिकठिकाणी जाणती माणसं नेमलेली आहेत. माझ्या चारपाचशे वस्तू त्यांच्या नोंदीत आहेत. बहुतेक बकलं, बटणं, शिशाच्या गोळ्या आणि झिजलेली रोमन नाणी. एक मात्र आपलं. ईस्ट इंडिया कंपनीचा १८३५ चा पाव आणा, सफकच्या चिकणमातीत. कुठल्या शिपायाच्या खिशातून पडला असेल देव जाणे. मी तो बराच वेळ हातात धरून बांधावर बसलो होतो.

असो. पेच कसा पडला ते सांगतो.

मी पंधरा वर्षं मुख्यतः एकाच शेतकऱ्याच्या रानात हिंडत आलो. त्याच्या एका बावीस एकरांच्या पट्ट्याच्या कोपऱ्यात कधीकाळी लोहाराची भट्टी होती. तिथली माती म्हणजे नुसते खिळे. घोड्यांचे नाल, साखळ्यांच्या कड्या, पत्र्याचे कपटे. माझं यंत्र तिथे अखंड घोगरं बोलायचं, म्हणून मी तो कोपरा सोडूनच दिला होता. तिथे काही नाही असं मी स्वतःला सांगितलं होतं, आणि इतरांनाही.

२०२४ च्या मार्चमध्ये माझा एक मित्र माझ्याबरोबर आला. रेल्वेच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेला, माझ्याच वयाचा. त्याच्याकडे इक्विनॉक्स ८०० होतं. तो सरळ त्या खिळ्यांच्या कोपऱ्यात गेला आणि अर्ध्या तासाने त्याने मला हात करून बोलावलं. अजून खणलं नव्हतं. "आधी तुझं यंत्र फिरव," म्हणाला. मी फिरवलं. घोगरा आवाज. उलट बाजूने फिरवलं. घोगरा आवाज. मग त्याने आपले हेडफोन माझ्या कानाला लावले. त्या सगळ्या कुरकुरीच्या मधोमध एक छोटासा, स्वच्छ, वरचा स्वर येत होता. येत होता आणि जात होता, पण दर वेळी त्याच जागी.

खाली निघाला चांदीच्या पेनीचा चौथा तुकडा. तेराव्या शतकापर्यंत इंग्लंडात सुट्ट्या पैशांसाठी पेनी चक्क कात्रीने कापायचे. अर्धी आणि पाव. पहिला एडवर्ड राजा होता, त्याने १२७९ पासून गोल फार्दिंग पाडायला सुरुवात केली तेव्हा ही कापाकापी थांबली. अख्खी पेनी दीड ग्रॅमच्या आतबाहेर. त्याचा हा पाव हिस्सा, म्हणजे खरीखुरी पावली, नखाएवढी आणि कागदासारखी पातळ. दुपारपर्यंत मित्राला अशा दोन पावल्या आणि एक अख्खी पेनी मिळाली.

मला आनंद झाला असं मी त्याला म्हणालो. तो अर्धा खरा होता.

त्या रात्री मी नव्या यंत्रांच्या किमती पाहिल्या. मला हवं तसं यंत्र नऊशे पौंडांच्या पुढे. आपल्या हिशेबाने लाखभर रुपये. पैसे नव्हते असं नाही. पण मी त्या माहितीपुस्तिका वाचायला घेतल्या आणि माझा उत्साह मावळला. बागेसाठी, शेतासाठी, वाळूसाठी, सोन्यासाठी वेगवेगळे कार्यक्रम, प्रत्येकाचे पुन्हा दोन प्रकार. एक धातू कळल्यानंतर दुसऱ्यासाठी यंत्राने किती लवकर मोकळं व्हायचं याचे आठ टप्पे. लोखंडाकडे किती कल ठेवायचा याचे आणखी टप्पे. पडद्यावर उणे नऊपासून चाळीसपर्यंतचे आकडे. आणि आवाज तीन नाहीत, पन्नास. मी म्हटलं, पन्नास स्वर कशाला हवेत? अख्ख्या भारतीय संगीताचं बावीस श्रुतींत भागतं.

पण विनोद बाजूला ठेवतो. आवाजाचं मला कळतं अशी माझी समजूत आहे, आणि तिला दोन कारणं आहेत. एक म्हणजे मी मिरजेचा. सतारमेकरांच्या आळीवरून शाळेत जाणारा. तंबोऱ्याची जवारी लावताना तो कारागीर घोडीवर किती हलक्या हाताने घासायचा, आणि एकाच तारेचा आवाज बोथटाचा भरीव कसा होत जायचा, हे मी तासन्‌तास ऐकलेलं आहे. दुसरं म्हणजे माझा धंदा. ऑपरेशनच्या वेळी रुग्णाच्या बोटाला जो चिमटा लावतात, त्याच्या टिकटिक आवाजाचा स्वर रक्तातला प्राणवायू उतरला की खाली उतरतो. माझी पडद्याकडे पाठ असली तरी स्वर अर्ध्या पायरीने घसरलेला मला बोलता बोलता कळायचा. सर्जनला कळायच्या आधी माझा हात पिशवीकडे गेलेला असायचा. तर प्रश्न असा होता, की तीन आवाजांच्या यंत्रावर तयार झालेला माझा कान पन्नास आवाजांवर चालेल का? की पहिली दोन वर्षं मी नुसता पडद्यावरचे आकडे वाचत राहीन?

शिवाय कान आता चौऱ्याहत्तर वर्षांचे. वरचे स्वर मला पूर्वीसारखे ऐकू येत नाहीत. नव्या यंत्रात म्हणे प्रत्येक आवाज आपल्याला हवा तेवढा खाली आणता येतो. हा मुद्दा मी नव्या यंत्राच्या बाजूला लिहिला. हो, मी कागदावर दोन रकाने केले होते. बायको म्हणाली, मुलीचं स्थळ पाहतानाही तुम्ही एवढा विचार केला नव्हता.

हे असं जुलैपर्यंत रेंगाळलं. मग शेतकऱ्याने मला चहाला बोलावलं.

तो चौऱ्याऐंशी वर्षांचा. मुलांपैकी कोणाला शेती करायची नव्हती. त्याने जमीन विकली होती आणि २९ सप्टेंबरला, तिकडे ज्याला मायकलमस म्हणतात त्या दिवशी, ताबा द्यायचा होता. शेतीचे खंड आणि ताबे त्या दिवसाला धरून चालायची जुनी रीत आहे. नवा मालक कोणालाच रानात येऊ देणार नव्हता. हे सांगून झाल्यावर तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "डॉक्टर, तुम्हाला कधी बोललो नाही. माझ्या बायकोची लग्नातली अंगठी त्या बावीस एकरांत आहे." १९६८ साली बीटची विरळणी चालू होती. त्या काळी बीटची रोपं हाताने, कुदळीने विरळ करत. गावातल्या बायका टोळीने यायच्या, त्यांत हीही. दुपारी भाकरतुकडा खायला बसली तेव्हा बोटात अंगठी नव्हती. बाई जाऊन आता बारा वर्षं झाली. "इतकी वर्षं वाटायचं, रान आपलं आहे तर अंगठीही घरातच आहे," तो म्हणाला.

मी म्हटलं, बघतो. आणि घरी येईपर्यंत माझ्या पोटात गोळा आला होता.

तो का, ते सांगतो. या यंत्रांत एक सोय असते. नको त्या धातूंचे आवाज बंद करता येतात. त्या शेताच्या रस्त्याकडच्या बाजूला अनेक वर्षं गावची जत्रा भरायची. त्यामुळे तिथे चॉकलेटची चांदी, सिगारेटच्या पाकिटांतला चमचमता कागद, बिअरच्या डब्यांच्या कड्या यांचा खच. पहिल्याच वर्षी कंटाळून मी माझं यंत्र "नाणी" या खुणेवर ठेवलं आणि लोखंड, चांदीकागद, डब्यांच्या कड्या हे सगळं बंद करून टाकलं. आता बारीक सोन्याची अंगठी यंत्राला कशासारखी वाटते? नाण्यासारखी नाही. चांदीकागदासारखी वाटते, किंवा डब्याच्या कडीसारखी. हे पुस्तकात लिहिलेलं आहे आणि मला माहीतही होतं. पण माहीत असणं वेगळं.

मी परसात एक लाकडी खोकं मातीने भरलं. बायकोकडे तिची पातळ अंगठी मागितली. ती नको म्हणाली, आणि मग गळ्यातल्या मंगळसूत्राच्या दोन वाट्यांकडे माझी नजर गेलेली पाहून म्हणाली, "अहो, माझं सौभाग्य मातीत पुरायचं आहे का तुम्हाला?" शेवटी अंगठी आणि एक जुनी सुटी वाटी मिळाली, माझ्यावर पहारा ठेवून. मी वाटी चार इंच खोल ठेवली, वर माती टाकली आणि यंत्र फिरवलं. शांतता. अंगठी ठेवली. शांतता. खूण बदलून सगळे धातू चालू केले. दोन्हींवर मधला आवाज, ठणठणीत. पंधरा वर्षं मी त्या रानावरून हिंडत होतो आणि कदाचित चार वेळा, सहा वेळा त्या अंगठीवरून गेलो असेन. यंत्राने सांगितलं असतं. मीच त्याचं तोंड बांधून ठेवलं होतं.

मग मी दुसरा प्रयोग केला. मित्राने दिलेली पावली ठेवली आणि तिच्यापासून तीन इंचांवर एक गंजका खिळा. सगळे धातू चालू, तरी माझ्या यंत्राला फक्त खिळा ऐकू आला. दहा वेळा फिरवलं, दहाही वेळा घोगरा. माझी मोठी कॉइल त्या दोघांना एकच वस्तू समजत होती. इथे माझी चूक नव्हती. इथे यंत्राचीच मर्यादा होती, आणि माझ्या कानाची जवारी कितीही लागलेली असली तरी जो स्वर निघतच नाही तो ऐकू येणार कसा?

हे दोन प्रयोग जर मी मार्चमध्येच केले असते तर चार महिने रकाने लिहीत बसलो नसतो. तुमच्यापैकी कोणाला कोणतंही यंत्र बदलायचं असेल, कॅमेरा म्हणा, शिवणयंत्र म्हणा, तर आधी हे करून पाहा. आपल्याला न मिळणारी वस्तू यंत्राच्या पुढ्यात स्वतः ठेवा आणि पाहा काय होतं ते.

तरी पेच सुटला नव्हता, कारण आता घड्याळ चालू झालं होतं. गव्हाची कापणी ऑगस्टच्या मध्यावर होणार. तिथून मायकलमसपर्यंत सहा आठवडे. मी हिशेब मांडला. एका एकरात, दीड मीटर रुंदीचे पट्टे धरले तर पावणेतीन किलोमीटर चाल होते. बावीस एकरांचे साठ किलोमीटर. कॉइल जमिनीलगत हलवत नीट चालायचं तर ताशी एक किलोमीटरही जमत नाही, वर प्रत्येक चांदीकागद खणून पाहायचा. आठवड्यात तीन दिवस, रोज चार तास, म्हणजे बहात्तर तास. जेमतेम एक फेरी. आणि नवं यंत्र अंगवळणी पडायला शंभर तास लागतात असं ते वापरणारेच सांगतात. म्हणजे यंत्र शिकून होईपर्यंत रान गेलेलं असणार.

हॉस्पिटलात आमचा एक नियम होता. भूल द्यायचं नवं मशीन आलं की ते आधी दिवसाच्या, ठरलेल्या, साध्या ऑपरेशनांना वापरायचं. मध्यरात्री अपघाताचा रुग्ण आला असताना ज्याची बटणं अजून हाताला माहीत नाहीत असं मशीन कोणी ओढून आणायचं नाही, मग ते कितीही चांगलं असो. मी रकान्यांचा कागद फाडला. नवं यंत्र त्या वेळी घ्यायचं नाही असं ठरवलं. जुन्यासाठी साडेचार इंची छोटी कॉइल तेवढी मागवली. ती फार खोल पाहत नाही, पण दोन खिळ्यांच्या फटीतून डोकावते. खोक्यातल्या प्रयोगात तिला पावली दहापैकी तीन वेळा ऐकू आली. शून्यापेक्षा तीन बरे. आणि मित्राला म्हटलं, खिळ्यांचा कोपरा तुझा, बाकीचं रान माझं.

सफकमध्ये अशी एक गोष्ट घडलेली आहे आणि ती मला त्या सहा आठवड्यांत रोज आठवायची. आमच्यापासून मोटारीने अर्ध्या-पाऊण तासावर हॉक्सन नावाचं गाव आहे. १९९२ च्या नोव्हेंबरात तिथल्या एका शेतकऱ्याचा हातोडा रानात हरवला. एरिक लॉज नावाचा त्याचा निवृत्त माळी मित्र डिटेक्टर घेऊन तो शोधायला गेला, आणि त्याला रोमन काळाच्या अखेरचा साठा लागला. पंधरा हजारांच्या आसपास नाणी, सोन्याचे दागिने, चांदीचे चमचे. त्याने मोह आवरून खणणं थांबवलं आणि तज्ज्ञांना बोलावलं, म्हणून तो साठा जसा पुरला होता तसा अभ्यासता आला. सगळं ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. हातोडाही सापडला, आणि तोही म्युझियमनेच ठेवून घेतला आहे. मला साठा नको होता. मला हातोडाच हवा होता.

त्या सहा आठवड्यांचं वर्णन काय करू? गव्हाची धसकटं पायाला टोचायची. आवाज आला की गुडघ्यावर बसायचं, मातीचं ढेकूळ उलटायचं आणि आतून चुरगळलेला चांदीकागद काढायचा. पहिल्या आठवड्यात मी एकशे चाळीस मोजले. मग मोजणं सोडलं. शिकारीच्या काडतुसांची पितळी बुडं निघाली, जस्ताचे तुकडे निघाले, खेळण्यातल्या मोटारीचं चाक निघालं. एका शिशाच्या शिक्क्यावर माझे वीस मिनिटं गेली, कारण आवाज अंगठीचा होता. रोज संध्याकाळी शेतकरी काठी टेकत बांधावर यायचा. काही विचारायचा नाही. मीच मान हलवायचो.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एकदा मातीत पिवळं काही चमकलं आणि ते वर्तुळ होतं. माझे हात थरथरले हे कबूल करतो. पुसून पाहिलं तर पितळी, पडद्याची कडी. शेतकरी बांधावर होता, त्याने लांबून माझं थांबणं पाहिलं होतं. मी ती त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती फिरवून पाहिली, हसला, आणि खिशात टाकली.

अंगठी सापडली नाही. एकूणीस एकर झाले, तीन राहिले. शेवटचे चार दिवस पाऊस लागला आणि चिकणमातीत बुटासकट पाय रुतायला लागले. मित्राने त्याच्या कोपऱ्यातून आणखी पाच पावल्या काढल्या. त्यांतली एकही माझ्या यंत्राला, छोटी कॉइल लावूनसुद्धा, खणण्याआधी ऐकू आली नव्हती. ती सगळी नोंदवून शेतकऱ्याच्या हवाली केली. करार अर्ध्या वाट्याचा होता, पण आम्ही दोघांनीही तो विषय काढला नाही.

अंगठी त्या तीन एकरांत असेल. किंवा नांगराने पाऊण हात खाली ढकलली असेल, जिथे जुनं काय नि नवं काय, कोणतंच यंत्र इतक्या बारीक वस्तूपर्यंत पोहोचत नाही. किंवा मी दमल्यावर संध्याकाळच्या पाचला एखादा पट्टा भरकन उरकला असेल त्यात राहिली असेल. तसे पट्टे मला माहीत आहेत. चार-पाच आहेत.

नोव्हेंबरात मी नवं यंत्र मागवलं.

तुम्ही विचाराल, मग नाही का म्हणालात? तर तेव्हा घाई होती म्हणून नाही म्हणालो, आणि आता घाई नाही म्हणून घेतलं. रान गेलं आहे, कोणाला दिलेला शब्द अडकलेला नाही. समोर अख्खा हिवाळा आहे आणि परसात मातीचं खोकं आहे. शिवाय त्या पाच पावल्या मी विसरू शकलो नाही. जुनं यंत्र माझ्या नातीने मागून नेलं. ती अकरा वर्षांची आहे. तिला मी एकच गोष्ट शिकवली, ती "नाणी" ही खूण वापरायची नाही.

शेतकरी आता गावातल्या छोट्या बंगलीत राहतो. ख्रिसमसच्या आधी मी त्याच्याकडे गेलो तेव्हा खिडकीचा एक पडदा त्या पितळी कडीत अडकवलेला होता. बाकीच्या कड्या प्लॅस्टिकच्या होत्या. त्याने नव्या यंत्राची चौकशी केली, हातात धरून पाहिलं आणि म्हणाला, "नवा मालक माणूस वाईट नाही. वर्षभराने विचारून बघतो." मी म्हटलं, विचारा.

मी रोज सकाळी तासभर खोक्यापुढे बसतो. एक पावली, एक खिळा, तीन इंचांचं अंतर. पन्नास आवाज अजून कानात बसलेले नाहीत. सध्या मी ते पाचावर आणले आहेत आणि तेही सगळे खालच्या सप्तकात. नात मला न दाखवता कधी पावली ठेवते, कधी नुसता खिळा, आणि मी सांगायचं. गेल्या रविवारी दहापैकी सात बरोबर आले. बायकोची अंगठी अजून तिला परत दिलेली नाही.